टपोरी अक्षरं

दवाखान्याची वेबसाइट सूनबाईनं बनवली, पण मोतीबिंदूवाले सासरे म्हणाले, "अगं, पडद्यावर मोहरी सांडलीय का?" चार वाजता डॉक्टरीणबाई बघणार होत्या, आणि अक्षरांचं माप तब्बल तीनशे बारा ठिकाणी लिहिलेलं! तिनं घाईघाईनं सॅस नावाचं अवजार बसवलं, मोठं माप एकाच फाइलीत ठेवलं, सेटिंग बदलून सगळ्या पानांना तिथूनच घ्यायला सांगितलं. तर पडद्यावर लालभडक, हत्तीएवढी तक्रार: असलं माप सापडत नाही. "ही अक्षरं मात्र झकास हो!" सासरे खूश. रडकुंडीला येऊन तिनं जुन्या ऑफिसातल्या दादांना फोन लावला. "सेटिंग बदलल्यावर सर्व्हर बंद करून चालू केलास?" "नाही!" "मग कर. तोवर तो जुनीच सेटिंग धरून बसतो. याच चुकीपायी मी तीन दिवस डोकं आपटलंय." तिनं केला. अक्षरं टपोरी झाली. ती आभार मानणार, तोच सासऱ्यांनी फोन हिसकावून दादांना अख्खं पान, वेळापत्रकासकट, वाचून दाखवलं.