पिंपातलं पाणी

होडीवरून उतरवून ओटीवर ठेवलेल्या इंजिनाला चांगुणाचा हात लागला आणि तिने तो झटकन मागे घेतला. इंजिन गरम होतं. पावसाळ्याची मासेमारी बंदी चालू होती, आणि गेल्या बंदीत चोरून गेलेला तिचा दीर परतलाच नव्हता.

“दर्यावर गेलेलात?”

“कुठला दर्या. पडून राहिलं की जाम होतं, म्हणून परसातल्या पिंपात पंखा बुडवून चालवलं,” नवरा जेवता जेवता म्हणाला.

सगळेच तसं करतात. तिला हायसं वाटलं. मग भांडी घासायला ती परसात गेली आणि पिंपापाशी थबकली. हे इंजिन पिंपात चाललं की पाण्यावर तेलाचा तवंग येतो. पाणी तर पिण्याजोगं नितळ होतं.

इंजिन निवल्यावर, ज्यावाचून ते सुरूच होत नाही तो प्लग तिने काढला आणि कनवटीला लावला.