निळीची दोरी

"हे माझ्या हातचं?"

दवाखान्याच्या फाटकाशी चांदसाब रिक्षामागे वाकून उभे होते. मागच्या पत्र्यावर 'आईचा आशीर्वाद' लिहिलेलं. ओळ नीट निघाली होती, मग उतरणीला लागली होती आणि शेवटचं अक्षर नंबरप्लेटवर येऊन टेकलं होतं.

"मग कुणाच्या?" रिक्षावाला सिद्धाप्पा हसला. "ह्या अक्षरावरनंच गिऱ्हाईक आपली गाडी ओळखतंय की, चाचा. लई फेमस हाय."

"तेव्हा बोलला नाहीस."

"तुमी ब्रश पुसत इचारलं, कशी झाली? काय बोलनार?"

चांदसाबांचा एक डोळा लहानपणीच गेलेला. दुसऱ्याच्या बुबुळावर पांढरा थर चढत गेला होता. नळाच्या तोटीवर क्षार धरतो तसा, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. लेसरनं तो काढला, आणि जखम भरेपर्यंत वर बसवलेली लेन्सही आज निघाली.

"घरी नको," रिक्षात बसता बसता ते म्हणाले. "आधी कब्रस्तान."

शेजारी बसलेल्या नाजनीननं दचकून बापाकडे पाहिलं. "आज नक्को, अब्बा. धूळ असते तिथं."

"ही रिक्षा रंगवली, त्याच उन्हाळ्यात तुझ्या अम्मीच्या कबरीचा दगडही रंगवलाय मी."

सिद्धाप्पानं रिक्षा कब्रस्तानाकडे वळवली.

पाटी रंगवताना ओळ सरळ यावी म्हणून निळीत बुडवलेली दोरी ताणून फटकारतात, तिची निळी रेघ उमटते. त्या दिवशी अंगणात दगड आडवा ठेवला, तेव्हा नाजनीन दोरी घेऊन आली होती. चांदसाबांनी ती झिडकारली. "दोरी शिकाऊ माणसाला लागते. तू तुझं फॉल-पिको बघ." रंगवलेला दगड रात्रभर अंगणातच वाळत होता.

अकबरी असती तर बोलली असती. पोर कोळशानं भिंतीवर अक्षरं गिरवायची, तेव्हापासून ती नवऱ्याच्या मागे लागली होती, "पोरीच्या हातात ब्रश देऊन तर बघा." चांदसाब हसण्यावारी न्यायचे.

कब्रस्तानात बायका जात नाहीत. नाजनीन फाटकापाशीच थांबली. चांदसाब एकटेच कडुनिंबाखाली गेले. दगडासमोर ते बराच वेळ मान खाली घालून उभे राहिले. मग दवाखान्यानं दिलेला काळा चष्मा काढला.

ओळ सरळ होती. रेघा ताठ, वळणं भरलेली, 'अकबरी' हे नाव दगडाच्या बरोबर मध्यावर.

त्यांना हायसं वाटलं. डोळा गेला तरी हात शाबूत होता तर! ते जमिनीवर बसले आणि तोंड दगडाजवळ नेलं. अक्षरांच्या बुडाशी, वार्निशखाली, या कडेपासून त्या कडेपर्यंत एक पुसट निळी रेघ होती.

चांदसाबांनी तिच्यावरून बोट फिरवलं. एकदा, पुन्हा एकदा.

बाहेर आले तेव्हा नाजनीन फाटकाचा गज धरून उभी होती. तिच्या कानशिलाजवळचे केस पांढरे झाले होते. ते त्यांनी आज पाहिले.

"अब्बा," तिनं हळूच विचारलं, "दगड बसवल्यावर कसं दिसतं? मी पाहिलंच नाही कधी."

चांदसाबांनी चष्मा चढवला.

"तुझ्या अम्मीनं पाहायला पाहिजे होतं."