उरलेली काच

लोखंडी गज घेऊन दादा माझ्या प्रयोगशाळेत घुसला. “बाजूला हो! तुझ्या या जंतूंपायी आमच्या कारखान्याला टाळं लागेल!” मी आडवी गेले, तर त्याने सख्ख्या बहिणीला भिंतीवर आपटलं. कपाळातून रक्ताची धार लागली. मग टेबलावरच्या काचेच्या नळ्यांचा चक्काचूर केला आणि एक फटका दिव्यावरही बसला. बिनखिडकीच्या खोलीत मिट्ट काळोख झाला. त्यात कोपऱ्यातली वाचलेली नळी हिरवी चमकत होती. गज हवेतच थांबला. “हे काय?” “पाण्यात तुमच्या कारखान्याचं विष असलं की जंतू असे चमकतात.” “कुठल्या नाल्याचं पाणी?” “तुझ्या घरच्या नळाचं. वहिनीने आणून दिलं. बाळाचं दूध त्यातच कालवते ती.” बाहेर गाडीतून कारखान्याचा साहेब ओरडला, “झाली का रे सगळी काच फोडून?” दादा गज उगारून थेट गाडीवर धावून गेला. “एक राहिलीय, साहेब!”