तांदळातलं नाव

पाठीवर सॅक टाकून आम्ही नवरा-बायको तीन दिवस नाशिक पालथं घालत होतो. निनाद म्हणे इथं पहिल्यांदाच आला होता, पण त्याला एकदाही मॅप उघडावा लागला नाही.

रामकुंडावर एका गुरुजींनी गाव-आडनाव विचारलं आणि घराण्यांच्या नोंदींची जाडजूड वही काढली. मला गंमत वाटली.

"स्नेहल, राहू दे, चल," निनाद म्हणाला.

हे नाव त्यानंच हौसेनं ठेवलेलं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलं होतं. माहेरची मी अनघा.

तोवर गुरुजींनी आमच्या घराण्याचं पान माझ्यापुढे धरलं.



शेवटची नोंद निनादच्याच अक्षरात होती, आमच्या लग्नाच्या आदल्या वर्षीची: 'पत्नी कै. सौ. स्नेहल हिचे अस्थिविसर्जन.'