लॉगिनचं पान

“फक्त या दोन ओळींची अदलाबदल कर,” खारकरसाहेब वृंदाच्या खुर्चीमागे उभे राहून म्हणाले. “आणि बदलांच्या नोंदीत ‘शुद्धलेखन’ एवढंच लिही.”

रुग्णालयांना नोंदींचं सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या त्यांच्या कंपनीच्या वेबसाइटवरच्या मार्गदर्शिकेतलं ते डेटाबेसचं लॉगिन बदलण्याचं पान होतं. आधी नवं लॉगिन तयार करायचं, ते चालतंय याची खात्री करायची आणि मगच जुनं बंद करायचं, हा खरा क्रम. पानावर तो उलटा लिहिला गेला होता. एका रुग्णालयाच्या रक्तपेढीतले तंत्रज्ञ गावित यांनी ते पान समोर ठेवून तसंच केलं आणि रक्तसाठ्याच्या नोंदी कुणालाच उघडेनात. रक्त मिळायला उशीर झाला. एक बाळंतीण गेली. गावित निलंबित झाले.

वृंदाने ओळी जागच्या जागी लावल्या आणि नोंदीत ‘शुद्धलेखन’ लिहिलं.

दोन दिवसांनी गावितांचा फोन आला. मदतीसाठी म्हणून पानाच्या तळाशी तिचाच नंबर दिलेला होता. तिच्या तोंडून गावितांचं नाव ऐकताच खारकर तिच्या टेबलाशी येऊन थांबले.

“मॅडम, पानावर होतं तसंच केलं, असं मी चौकशीत सांगत होतो. त्यांनी माझ्यासमोर पान उघडलं. तिथं तर सगळं बरोबर आहे,” गावित म्हणाले. “घाईत मीच उलटं वाचलं असेल का हो?”

तिने खारकरांकडे पाहिलं. ते तिच्याकडेच बघत होते.

“असेल,” वृंदा म्हणाली.