साडेतीनशे ग्रॅम

"हे बैलाचं खाणं आहे!" म्हणत तोकुजीनं पालकाची वाटी भिंतीवर भिरकावली.

मिसाओनं फडकं आणलं, भिंत पुसली आणि स्वयंपाकघरातून तेवढीच भरलेली दुसरी वाटी आणून त्याच्यापुढे ठेवली.

"तिसरीही आहे," ती म्हणाली. "दमाल तुम्हीच."

कुराशिना तोकुजी त्र्याहत्तर वर्षांचा. चाळीस वर्षं लाकडाच्या गिरणीत मुकादम होता, आणि घरीही मुकादमच राहिला. लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली, पण बायकोला, मिसाओला, त्यानं कधी नावानं हाक मारली नव्हती. "ए!" एवढंच. एकदा "ए" म्हटलं की चहा यायचा, दोनदा म्हटलं की साकेची दारू.

फेब्रुवारीत अंगणातलं बर्फ उपसताना तो कोसळला. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी तुंबली होती. मिसाओ नेमकी बाहेरचा कोट चढवून दारात आली होती, म्हणून लगेच गाडी बोलावली गेली आणि तो वाचला. डावा हात मात्र महिनाभर लुळा पडून होता.

घरी सोडताना डॉक्टर मोमोसेबाईंनी मिसाओला समोर बसवलं. "मीठ निम्म्यावर आणा. खारवलेली भाजी बंद, खारा मासा बंद. रोज साडेतीनशे ग्रॅम ताजी भाजी, वर एक फळ."

"एवढं केलं तर पूर्ण बरे होतील?" मिसाओनं विचारलं. "कोणाच्या आधाराशिवाय चालतील-फिरतील?"

"खाल्लं तर होतील."

"खातील," मिसाओ म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी तिनं पडवीतलं लोणच्याचं पीप रिकामं केलं. तोकुजी अंथरुणातून ओरडला, "माझ्या आईचं पीप आहे ते! हात तर लावून बघ!"

"सासूबाई याच पीपातलं खाऊन अंथरुणाला खिळल्या. सहा वर्षं मी त्यांचं सगळं काढलं," मिसाओ म्हणाली. "तुमचं काढणार नाही."

असं उत्तर तिनं आजवर कधी दिलं नव्हतं.

मग रोजचंच युद्ध सुरू झालं. ती वजनकाट्यावर कोबी तोलायची, मुळा तोलायची, भोपळ्याच्या फोडी तोलायची. तो शिव्या घालायचा. ती समोर बसून वाटी रिकामी होईपर्यंत उठायची नाही. एकदा त्यानं शेजारच्या कोमाकीला गुपचूप खारा मासा आणायला सांगितलं. मिसाओनं तो कागदासकट उचलला आणि कोमाकीच्याच दारात नेऊन ठेवला.

"नशीबवान आहेस," कोमाकी नंतर म्हणाला. "माझ्या बायकोला मी जगलो काय नि मेलो काय, सारखंच."

"कसलं नशीब? सूड उगवतेय म्हातारी."

जूनमध्ये हातात बळ आलं, तशी तिनं सुरी त्याच्यापुढे सरकवली. "चिरा."

"बायको जिवंत असताना मी कोबी चिरायचा?"

"मग काय, मेल्यावर शिकवायला येऊ?"

तो चिरायला लागला. आधी बोट कापलं, मग कोबी. पुढे मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं, सूप कमी मिठात कसं करायचं, वांगी किती वाफवायची, भात किती पाण्यात शिजतो, हे त्याला येऊ लागलं. कपडे धुण्याच्या यंत्राची बटणंही तिनं दाखवली. "तुला आळस चढलाय," तो खेकसला. तिनं फक्त चुकलेलं बटण पुन्हा दाबून दाखवलं.

उन्हाळा सरता सरता त्याला घेरी यायची थांबली. सप्टेंबरात तो देवळाच्या पायऱ्या न थांबता चढला. वर उभं राहून खाली आपलं घर पाहताना त्याला पहिल्यांदाच वाटलं, की बाईनं आपल्यासाठी सात महिने जीव आटवला आणि आपण वाट्या फेकल्या. माया असल्याशिवाय कोण इतकं सोसेल? त्याला स्वतःची लाज वाटली. हे कोणाला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून तो तसाच खाली उतरला आणि त्या दिवशी न बोलता दोन वाट्या पालक खाल्ला.

नोव्हेंबरात तपासणी झाली. डॉक्टरांनी कागद दोनदा पाहिले. "रक्तदाब पन्नाशीतल्या माणसाचा आहे. एकदम ठणठणीत. अशी नव्वदी सहज गाठतील."

"तसं लेखी द्याल का?" मिसाओनं विचारलं.

डॉक्टर हसल्या. "काय, चौकट करून लावणार?"

पण त्यांनी लिहून दिलं.

घरी येताना बसथांब्याजवळ त्यानं सफरचंदं घेतली. टेबलाशी बसून स्वतः एक सोललं, फोडी केल्या आणि बशी तिच्यापुढे सरकवली.

"मिसाओ," तो म्हणाला. "तू होतीस म्हणून मी आहे. मी फार वाईट वागलो तुझ्याशी."

तिनं एक फोड घेतली आणि सावकाश खाल्ली. तिचे डोळे भरून आले होते. निदान त्याला तसं वाटलं. मग ती आतल्या खोलीत गेली आणि एक पाकीट आणून त्याच्यासमोर ठेवलं. गरम झऱ्यांच्या सहलीची तिकिटं असणार, अशा समजुतीनं त्यानं हसतच ते उघडलं.

आत घटस्फोटाचा अर्ज होता. तिचं नाव लिहिलेलं होतं, सहीच्या जागी तिचा शिक्का मारलेला होता. तारीख आजचीच होती.

"आजारी नवऱ्याला टाकून गेली, असं गावानं म्हटलेलं मला चाललं नसतं," मिसाओ म्हणाली आणि शिक्क्याच्या शाईची डबी उघडून त्याच्यापुढे ठेवली.