अठराव्या वर्षाचा आवाज

संमती कक्षातल्या खुर्चीवर मुनाफ पारकर चाळीस दिवसांच्या ऐमानला मांडीवर घेऊन बसला होता. बाळाच्या टाळूवर चिकटवलेली चकती त्याचा मेंदू वाचत होती. घरातले आजवरचे सारे बोलणे यंत्राने आधीच ऐकले होते. त्या दोहोंतून आता ऐमानचा अठराव्या वर्षीचा आवाज येणार होता. त्याने होकार दिला, तरच सुंतेची परवानगी मिळणार होती.

“नाही म्हणाला तर?” मुनाफने हळूच विचारले.

“तर घरी न्यायचं,” त्याची बायको शमीम म्हणाली. “पण बाहेर तुमचे अब्बा मलिद्याचा डबा घेऊन बसलेत. त्यांना तुम्हीच सांगायचं. माझी नाही हिंमत.”

लिपिक बाईंनी प्रश्न वाचला. यंत्र खरखरले आणि एक कोवळा पुरुषी आवाज आला, “अब्बा तिथेच आहेत का?”

“आहेत,” मुनाफकडे पाहत बाई म्हणाल्या.

आवाज अडखळला. “मग माझी हरकत नाही. अब्बा म्हणतील त...”

“मुबारक हो,” बाईंनी हसून शिक्का उचलला.

ते अडखळणे, तो गिळलेला शेवटचा शब्द मुनाफच्या ओळखीचा होता. स्वतःच्या वडिलांसमोर तो आजही असाच बोलत असे.

“थांबा, शिक्का मारू नका,” तो जवळजवळ ओरडलाच.

यंत्र अजून सुरू होते.

“अब्बा,” आवाज घाईघाईने म्हणाला, “माझं काही चुकलं का?”